ईस्टरच्या गुरुवारची शिळी अंडी

वेलिका तेर्झिएवा माणूस म्हणून कशी होती असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगते की ती भारी आकसखोर बाई होती. निंदा म्हणून नाही सांगत. प्लॉवदिव शहरातल्या आमच्या संशोधन संस्थेत तेवीस वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर काढली. ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम करायची आणि मी तिचे गर्भ मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे. इतकी वर्षं एखाद्याच्या शेजारी बसलं की त्याचे दोष आपल्याच घरचे वाटायला लागतात.

हात मात्र तिच्यासारखा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. आत दोन दिवसांचा गर्भ, तांदळाच्या दाण्याएवढा. मायक्रोस्कोपखाली त्याच्या पाठीतला एक कण सुईने काढायचा, त्या जागी लावा पक्ष्याच्या गर्भातला कण बसवायचा, खिडकीला चिकटपट्टी लावायची आणि अंडं परत उबवणी यंत्रात. दुसऱ्या दिवशी गर्भाचं काळीज टुकटुक चालू असायचं. बाकीच्यांचे दहातले सात मरायचे.

तिचा एकच नियम होता आणि तो ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. "घड्याळ बघायचं नाही. जोड्या मोजायच्या." गर्भाच्या पाठीला कण्याच्या दोन्ही बाजूंनी मण्यांसारख्या गाठी उमटतात, साधारण दर दीड तासाला एक जोडी. याच गाठींतून पुढे स्नायू होतात. अंडं किती तास उबेत होतं याला ती काडीची किंमत देत नसे. अंडं ताजं असेल तर गर्भ वेळेवर वाढतो, शिळं असेल तर मागे रेंगाळतो. गर्भाचं खरं वय त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, असं तिचं म्हणणं.

आता आकसाची गोष्ट. शहाण्णव-सत्त्याण्णवचा हिवाळा आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. महागाईने पगाराचा नुसता कागद झालेला, पावाला रांगा, वीज तासातासाने जायची. संस्थेतली निम्मी माणसं घरी बसली. वेलिका मात्र गरम पाण्याच्या पिशव्या आणि सासूची गोधडी घेऊन यायची आणि वीज गेली की यंत्रातली अंडी त्यात गुंडाळून बसायची. त्या हिवाळ्यात तिला सापडलं की गर्भाच्या पाठीकडून एक संकेत येतो आणि तो काही स्नायूपेशींना सांगतो, तुम्ही एवढ्यात मोठ्या होऊ नका, थांबा. त्या थांबलेल्या पेशी म्हणजेच स्नायूच्या मूळपेशी. पुढे जन्मभर कुठे स्नायूला इजा झाली की त्याच धावून येतात.

हे सगळं तिच्या तीन वह्यांत होतं. आसेन द्युल्गेरोव तेव्हा तिच्याच बरोबरीच्या पदावर होता, गोड बोलणारा. त्याला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली. "वह्या दे, तिथल्या लोकांना दाखवतो, तुलाही बोलावून घेतो," म्हणाला आणि घेऊन गेला. वर्षभराने लेख छापून आला. लेखक आसेन द्युल्गेरोव आणि तिथला कुणी जर्मन. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभार होते : अंड्यांची निगा राखल्याबद्दल वे. तेर्झिएवा यांचे.

तिने ते पान माझ्यासमोर ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "पेन्के, या माणसाला मी जिवंत सोडणार नाही."

"जर्मनीला जाऊन मारणार आहेस का?"

"येईल तो. अशी माणसं मिरवायला परत येतातच."

आणि आला. दोन हजार बारा साली संस्थेचा संचालक होऊन, केस रंगवून. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. "वेलिका! अजून इथेच तू?"

"अंड्यांची निगा राखतेय," ती म्हणाली. तो मोठ्याने हसला. त्याला आठवतसुद्धा नव्हतं, हे पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा चेहरा मात्र कोरा होता.

त्याने नवं काम काढलं. एका औषधात भिजवलेला बारीक मणी गर्भाच्या पाठीत ठेवायचा. त्या औषधाने मूळपेशींची संख्या वाढते का ते बघायचं. वाढली तर झिजणाऱ्या स्नायूंवर इलाज निघू शकतो, असं तो येईल त्याला सांगायचा. हात अर्थातच वेलिकाचे. पुढल्या वर्षी एप्रिलअखेर तिने साध्या मण्याची, बिनऔषधाची अंडी करून दिली. ती सगळी ताजी होती. औषधाची अंडी ईस्टरच्या आठवड्यात करायची ठरली.

त्या वर्षी ईस्टर पाच मेला होता आणि मागेपुढे सुट्ट्याच सुट्ट्या. अंडी देणाऱ्या पोल्ट्रीने गुरुवारी शेवटची गाडी पाठवली. निम्मे ट्रे त्या आठवड्याचे आणि निम्मे त्यांच्या थंड खोलीत अडीच आठवडे पडलेले. ट्रेच्या कडेला पेन्सिलीने तारखा होत्या. आता गुरुवार म्हणजे आमच्याकडे घरोघरी अंडी रंगवायचा दिवस. संस्थेतल्या बायका आधीच डबे घेऊन उभ्या होत्या. द्युल्गेरोव स्वतः खाली आला. त्याच्या सासूला साठ अंडी हवी होती.

"ताजी ताजी घरी न्या रे सगळ्यांनी," तो म्हणाला. "सणाला शिळी अंडी रंगवायची का? ही जुनी यंत्रात घाला. गर्भाला कुठे सण असतो!"

सगळे हसले. वेलिकाने विचारलं, "प्रोफेसर, शनिवारी मणी बसवताना जोड्या मोजून बसवू, की तासांवर?"

"अगं बाई, कुठल्या जमान्यात आहेस तू? पन्नास तास झाले की बसव. जगभर घड्याळावर चालतं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात मी इतकी गोडी कधी ऐकली नव्हती.

ईस्टरच्या रविवारी मी तिच्यासाठी गोड पाव आणि दोन लाल अंडी घेऊन संस्थेत गेले. ती एकटीच बसली होती. समोर वही उघडी होती. तिने बोट ठेवून दाखवलं : अंडी किती दिवसांची, किती तास उबवली, मणी बसवताना जोड्या किती. वीसच्या वर असायला हव्या होत्या. एकात पंधरा, एकात सोळा. गर्भच मागे पडलेले. लहान गर्भात न वाढलेल्या पेशी जास्त दिसणारच, तिथे औषधाचा काय संबंध?

"सांग त्याला," मी म्हटलं.

"विचारलं तर सांगीन. सगळं शाईने लिहिलंय. लपवलेलं काहीच नाही. माझ्या वह्या तर त्याला आपल्याच समजायची सवय आहे, उघडू दे की."

त्याने उघडली नाही. माझे काप पाहिले, पेशी मोजवून घेतल्या, दीडपट निघाल्या आणि तो खोलीभर नाचला. मीही गप्प बसले. मलाही तो माणूस आवडत नव्हता, यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही.

जूनमध्ये वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. त्याच आठवड्यात त्याने वेलिकाला बोलावून लेखाचा छापलेला कागद दाखवला. दुसरं नाव तिचं होतं. पूर्ण नाव, वेलिका तेर्झिएवा. ती सत्तावन्न वर्षांची होती आणि तिचं नाव कुठेही असं छापून आलेलं नव्हतं.

ती खाली आली ती तडक माझ्या टेबलाशी. "मेल्याने आता दिलं," ती म्हणाली. "नेमकं यात दिलं."

"मग घे की! सोळा वर्षं याच्यासाठी कुढतेयस. सोड आता त्याला."

दोन दिवस ती नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी फाटकावरचा मिन्को आमच्या खोलीत आला. संस्थेचा पहारेकरी, साठीचा, टोपी हातात. त्याची मुलगी रोसित्सा एकोणीस वर्षांची होती. तिचे खांद्याचे, मांड्यांचे स्नायू झिजत चालले होते. स्वतःचे केस विंचरायला तिला हात वर नेता येत नसे. त्याने वर्तमानपत्राचं कात्रण घडी करून खिशात ठेवलं होतं.

"वेलिकाताई, हे तुमच्या हातचं ना?" तो म्हणाला. "प्रोफेसर काय, बोलणारा माणूस. पण करणाऱ्या तुम्ही, हे मला ठाऊक आहे. पोरीला मी सांगितलंय, अजून थोडी कळ काढ. डॉक्टर काठी वापर म्हणतात, ती नको म्हणते, आता औषधच येतंय म्हणते." आणि त्याने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं.

तो गेल्यावर मी दार लावलं. "वेलिका, आता तरी पुरे. आज सांग."

"ऑक्टोबरमध्ये सोफियात परिषद आहे. भरल्या सभेत तो हे वाचणार आहे."

"आणि मिन्को?"

"चार महिन्यांनी काय फरक पडतो?"

फरक पडला. ऑगस्टमध्ये रोसित्सा जिन्यात पडली, मांडीचं हाड मोडलं. काठी घेतली नव्हती. वेलिका दवाखान्यात सफरचंदं घेऊन गेली, पोरीशी बोलली आणि औषध येणार नाही एवढं एकच वाक्य न बोलता परत आली. मला तिचा तेव्हा राग आला, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

सोफियातली सभा दोनशे माणसांची. द्युल्गेरोवचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. वेलिका पाचव्या रांगेत उभी राहिली.

"प्रोफेसर, औषधाची अंडी किती दिवसांची होती?"

तो हसला. "हे तर माझ्यापेक्षा तुम्हालाच माहीत असणार."

"अठरा दिवसांची. आणि बिनऔषधाची दोन दिवसांची. मणी बसवताना एकीकडे एकवीस जोड्या, दुसरीकडे पंधरा. तुम्ही दाखवताय ते औषध नाही, वय आहे. ताजी अंडी तुमच्या सासूबाईंनी रंगवली."

सभागृहात कुणीतरी खिदळलं. द्युल्गेरोवने हातातले कागद खाली ठेवले. "वेलिका," तो हळूच म्हणाला, पण माईक चालू होता, "यात तुझंही नाव आहे."

"आहे ना. खोडा."

ती खाली बसली. मी तिच्या शेजारीच होते आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझं मन इतकं निवलं की डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याभरात लेख मागे घेतला गेला, द्युल्गेरोवची खुर्ची गेली. चौकशी समितीने वेलिकालाही बोलावलं. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"अंडी यंत्रात घालायच्या आधीपासून," तिने ताठ मानेने सांगितलं.

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

तिलाही घरी पाठवलं. ती हसत बाहेर पडली. टेबल आवरलं, सुया मला दिल्या. आम्ही दोघी फाटकाशी आलो तर मिन्को खोपटाबाहेर उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, अर्धंमुर्धं.

"वेलिकाताई, ते औषध नाहीच म्हणे?"

"नाही, मिन्कोभाऊ."

"तुम्हाला कधी कळलं?"

समितीपुढे फाडकन उत्तर देणारी बाई पिशवीचा बंद चाचपत राहिली. मला वाटलं, आता ती खोटं बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली.

मिन्कोने शिवी दिली नाही, काही नाही. आमच्यासाठी फाटक उघडलं आणि पाठ फिरवून आत जाऊन बसला.

त्यानंतर ती गल्लीत, बाजारात, चर्चच्या दारात त्याला भेटत राहिली. आमचं गाव तसं मोठं असलं तरी मोहल्ला एकच. ती नमस्कार करायची, तो दुकानाची पाटी वाचत उभा राहायचा. तिने दोनदा चिठ्ठी टाकली, एकदा रोसित्सासाठी लोकरीची शाल पाठवली. शाल तशीच परत आली. द्युल्गेरोव जर्मनीला परत गेला, त्याचं नावही ती काढेनाशी झाली. बोलायची ती मिन्कोबद्दलच.

परवाच्या वसंतात, आजारी पडायच्या थोडं आधी, ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. म्हणाली, "पेन्के, सहा वर्षं झाली गं. माणसाचा राग टिकतो तरी किती?"

मी म्हटलं, "ते मला काय विचारतेस?"