ह्यांचं लहान पोट आणि आमचा मोठा गोतावळा

घरात आजारपण आलं की औषधांच्या बाटल्या साठतात. आमच्याकडे किस्से साठले. बाटल्या भंगारवाल्याला देता येतात, किश्शांचं काय करायचं? शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिकांनी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तुमच्या मिस्टरांचं सांगा ना काहीतरी!" मग मी सांगते, त्या पोट धरून हसतात. त्या वेळी मी हसले नव्हते, एवढंच.

आधी ओळख करून देते. हे म्हणजे भिवाअण्णा. इंदापुरात हायवेला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. दिवसभर खुर्चीत बैठक, समोरच्या बाकड्यावर चार टाळकी, आणि मध्ये कायम कागदावर काहीतरी तेलकट. वजन इतकं वाढलं की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ह्यांचा डोळा लागायचा. झोपेत श्वास अडकायचा. मी दंडाला धरून हलवायची, मग तो पुन्हा सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी माझाच डोळा लागला तर, या भीतीनं मी कित्येक महिने धड झोपले नाही.

शेवटी मुंबईच्या माझ्या भावानं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं आणि ह्यांचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. शतक संपायला थोडी वर्षं राहिली होती. असलं ऑपरेशन असतं हेच तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पोट मी लहान केलंय, सवयी तुम्ही बदला. थोडं खायचं, सावकाश चावायचं, रोज चालायचं. कोंबून खाल्लंत तर टाके निसटतील. मग पुन्हा मला जमेलच असं नाही."

ह्यांनी मान डोलावली. हे कुणालाही नाही म्हणत नाहीत. डॉक्टरांना म्हणाले नाहीत, आणि पुढं दुसऱ्या कुणालाही म्हणाले नाहीत. माझ्या सगळ्या तापाचं मूळ तेच.

* * *

पेशंटला बघायला मोकळ्या हातानं जाणं आमच्याकडे पाप. पहिल्याच आठवड्यात घरात पायाचं सूप आलं, उकडलेली अंडी आली, डिंकाचे लाडू आले. ह्यांना परवानगी होती डाळीच्या पाण्याची, तीही चमच्याचमच्यानं.

कऱ्हाटीहून थोरले दीर आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांच्या पिशवीत जिवंत कोंबडा!

हे कॉटवरून म्हणाले, "आबा, डॉक्टरांनी पोट लहान केलंय."

"केवढं?"

ह्यांनी मूठ दाखवली. आबा मुठीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, एवढ्या लांब गेला तुमी, एवढा मोठा दवाखाना... आन पोट एवढंच ठिवलं व्हय?"

आपल्या भावाला कुणीतरी फसवलं, असं तोंड करून ते परत गेले. कोंबडा आमच्याकडेच राहिला. त्या आठवड्यात घरात निवांत जेवणारा तो एकटाच.

* * *

मग चालणं सुरू झालं. पहाटे उठायचं, बावड्याच्या रस्त्यानं जमेल तेवढं जायचं आणि परत यायचं. यात चुकण्यासारखं काय आहे? पण आमच्या भागात रस्त्यानं पायी चाललेला माणूस म्हणजे गाडी चुकलेला माणूस. त्याला बघून पुढं जाणं कुणाला जमत नाही.

पहिल्याच दिवशी दूधवाल्यानं मोटारसायकल थांबवली. "अण्णा, बसा की!" हे बसले. नाही कसं म्हणायचं?

तासाभरानं एका जीपमधून घरासमोर उतरले. हातात डबा.

"कुठं गेला होतात?"

"बावड्याला. तुझ्या आईनं धपाटी दिलीत."

आठवडाभर असंच चाललं. कधी ट्रॅक्टरवरून परत, कधी टेम्पोतून. दुकानातल्या बाकड्यावरच्या मंडळींनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "वैनी, अण्णांनी गाडी इकली का वो?"

शेवटी मी स्वतः बरोबर निघाले. शाळा, स्वयंपाक, धुणं होतंच, त्यात आता हेही. पदर खोचला आणि झपझप चालायला लागले, हे मागं. म्हटलं, आता कोण थांबवतंय बघू. कोपऱ्यावरच्या म्हातारबांनी आम्हा दोघांना तसं जाताना पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कोण गेलं, बाई?"

* * *

अन्न टाकायचं नाही, हे मी वर्गात मुलांना शिकवते. घरात काय वेगळं करणार? हाताला वाढायची सवय जुनीच. आमटीची वाटी भरूनच वाढली जायची. हे चार घास चावत बसायचे आणि ताट बाजूला सरकवायचे. ते ताट उष्टं, कुणाला द्यायचं? गिळायची मी.

ह्यांच्या पँटी सैल होत गेल्या. आमच्या टेलरबाई माझा ब्लाउज उलटा करून म्हणाल्या, "बाई, उसवून दिला आसता, पन आता आत कापडच न्हाय उरलं!"

पुढच्या तपासणीला मुंबईत डॉक्टरांनी ह्यांचं वजन केलं. खूश झाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी ह्यांना खुर्चीत बसवा, काट्यावर तुम्ही या."

* * *

पावसाळ्यानंतर ह्यांचं वजन उतरायचं थांबलं. घरात मोजकं खात होते, चावून खात होते. मग वजन येतंय कुठून? माझा संशय दुकानावर. एक दिवस शाळेतून थेट तिकडे गेले. हे बँकेत गेलेले. बाकड्यावर चारही जण हजर.

मी म्हटलं, "खरं सांगा, अण्णा हितं काय खातात?"

"देवाशपथ वैनी, घास न्हाय! भजी आणली तर आमी पाठ करून खातो, अण्णांस्नी दिसू देत न्हाय."

मला त्यांची दया आली. निघाले तर शेजारच्या रसवंतीवाल्यानं हाक मारली. तो बिचारा सगळं ऐकत होता. म्हणाला, "वैनी, अजाबात काळजी करू नगा. अण्णा सकाळच्याला दोन गिलास घेत्यात, दुपारच्याला दोन. पन आजारी मानूस हाय म्हनून मी बरफ टाकत न्हाय!"

संध्याकाळी ह्यांच्यासमोर बसले. भांडायचंही त्राण नव्हतं. हे खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरांनी चावून खा म्हणून सांगितलं होतं. रसाला काय चावायचं?"

मी उठले आणि कुकर लावला.

* * *

बावड्याला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. हे तिथले जावई, म्हणजे पंगतीत मानाची जागा. मी बायकांत बसले होते, मला ह्यांची फक्त पाठ दिसत होती.

पंगत उठायची वेळ झाली. सगळ्यांची ताटं स्वच्छ. हे मात्र चावतायत. आता जावई जेवतोय म्हटल्यावर उठायचं कसं? रांगच्या रांग हात वाळवत बसली. मागं पुढच्या पंगतीची माणसं उभी, वाढपी बादल्या घेऊन खोळंबलेले. माझा चुलतभाऊ धावत आला आणि ह्यांच्यापुढं हात जोडले.

"दाजी, काय चुकलं का आमचं? रुसला का?"

तेवढं बोलून त्यानं एक अख्खा बुंदीचा लाडू ह्यांच्या तोंडापुढं धरला. शेदोनशे डोळे ह्यांच्यावर. पोरीच्या बापाला नाही कसं म्हणायचं? हे लाडू खाऊन बसले.

मग मांडवामागं गेले आणि सगळं बाहेर पडलं. ते कुणीतरी पाहिलं. क्षणात मांडवात आरोळी, "बुंदी बाधली!" जेवणारे हात ताटावरच थांबले. पोरांच्या हातातले लाडू आयांनी काढून घेतले. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं घशात बोट घातलं. माझा चुलतभाऊ पांढराफटक पडला.

काय करणार? मंगलाष्टकं म्हणायला लावलेला माइक मी हातात घेतला आणि शाळेच्या आवाजात सांगितलं, "जेवण चांगलं आहे. आमच्या ह्यांचं पोट लहान आहे. सगळ्यांनी बसून घ्या!"

मांडव खदखदून हसला. सगळे पुन्हा जेवले. हे मात्र परतीच्या एस.टी.त माझ्यापासून दोन बाकं सोडून बसले.

ह्या किश्शाला शाळेत सगळ्यात जास्त हशा मिळतो. पुढचं मी तिथं सांगत नाही. घरी आल्यावर ह्यांना पुन्हा उलटी झाली आणि तिच्यात रक्त दिसलं. मी एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "या वेळी बहुतेक निभावेल. पण बाई, असं कितीदा निभावणार? त्यांना जेवताना थांबायला शिकवा."

बूथच्या काचेआड मी एकटीच रडले. मला वर्गातली साठ पोरं एका नजरेत गप्प करता येतात. एका माणसाला थांबायला कसं शिकवायचं, ते मात्र येत नव्हतं.

* * *

त्यानंतर कऱ्हाटीची जत्रा आली. बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकावर बसल्या बसल्या मी म्हटलं, "आज तरी नाही म्हणा."

"आबांना?"

"आबांनाच."

हे गाडी लागली का बघायला उठले.

कऱ्हाटीच्या घरी मटणाचा वास दारापर्यंत आलेला. आत थोरल्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. मी त्यांना म्हटलं, "अक्का, आबांना सांगा ना, ह्यांना आग्रह करू नका म्हणून." मी स्वतः सांगू शकत नव्हते. आबा जुन्या वळणाचे. धाकट्या भावजयीशी थेट बोलणं नाही. पाणी हवं असलं तरी भिंतीकडं बघून मागणार.

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. "त्यास्नी न्हाय जमायचं."

"पण का?"

"मी लगीन होऊन आले तवाचा दुष्काळ. सासरे आदीच गेलेले, मेंढरं मेली. ह्ये खडी फोडायला जायचं. तितं खायला सुकडी मिळायची, ती घरी आणून समद्यात वाटायची. तुजा नवरा तवा ल्हान. खाऊन झालं तरी ताट सोडायचा न्हाय. रडायचा न्हाय, मागायचा न्हाय. नुस्तं रिकामं ताट धरून बसायचा. मग ह्येंच्यानं बघवायचं न्हाय, उठून भायेर जायचं. गोठ्यात जाऊन बसायचं."

अक्कांनी दुसरी भाकरी टाकली.

पंगत बसली. आबा स्वतः पातेलं घेऊन वाढायला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ह्यांच्या ताटात चतकोर भाकरी, थोडा रस्सा, दोन फोडी. हे सावकाश चावत होते. बाकीच्यांचं दुसऱ्यांदा घेऊन झालं तरी ह्यांचं पहिलंच चाललेलं. आबा लांबून बघत होते. शेवटी राहवलं नाही, पातेलं घेऊन समोर आले.

"भिवा, घे."

पळी ताटावर आली. मी दाराची चौकट धरली.

ह्यांनी ताटावर हात आडवा धरला. त्या घरात आबांच्या पळीखाली कुणी कधी हात धरला नव्हता.

"आबा," हे म्हणाले, "माझं पोट भरलं."

लग्न झाल्यापासून मी हे वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पातेलं संपायचं, तेव्हा हे उठायचे.

"खरं सांगतूस?"

"व्हय."

"लाजू नगंस. लई हाय."

"न्हाय आबा. भरलं. आता जागा न्हाय."

आबा पळी धरून तसेच उभे राहिले. रस्सा ठिबकून त्यांच्या धोतरावर पडत होता. मग ते वळले, थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी आले आणि माझ्या तोंडाकडं बघून, अंगणातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पोरी, ऐकलंस का? आमच्या भिवाचं पोट भरलं!"