शुभेच्छुकांची रांग

आमचं दुकान हिंगोलीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. फ्लेक्सचं. वाढदिवस, निवड, स्वागत, श्रद्धांजली, सगळं तिथे छापून मिळतं. मी डिझाइन शिकले ते तिथेच, शाळेतून आल्यावर पप्पांच्या शेजारच्या स्टुलावर बसून. पुढे पुण्याचं कॉलेज झालं, अमेरिकेतली पदवी झाली. दोन्हीकडे मला 'जागा मोकळी सोडा' हे शिकवण्यात मास्तरांचा घाम निघाला, कारण आमच्या दुकानात मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक विचारायचं, "इथं कुनी काहून न्हाई?"

फ्लेक्सवर मधोमध ज्याचा वाढदिवस तो, गॉगल घालून. त्याच्या डोक्यावर नेत्यांचे गोल फोटो. आणि सगळ्यात खाली शुभेच्छुक, एका ओळीत. खरं बॅनर त्या ओळीत असतं. कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं झालं की दुसऱ्या दिवशी दुकानासमोर तमाशा. एखादा चेहरा सुटला तर विचारूच नका. म्हणून पप्पांची एक पद्धत होती. प्रिंटला सोडण्याआधी ते पडद्यावर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे एकेक नाव मोठ्याने घ्यायचे आणि गिऱ्हाइकाने प्रत्येक नावाला 'व्हय' म्हणायचं. नाव चुकलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "चेहरा वाकडा आला तर मानूस हसून सोडून देतंय," ते म्हणायचे, "नाव वाकडं आलं तर जलमभर ध्यानात ठेवतंय."

मला नोकरी लागली ती अमेरिकेच्या मधल्या भागात, आयोवात. तिकडे त्या सगळ्या पट्ट्याला मिडवेस्ट म्हणतात. शेतीची यंत्रं बनवणारी कंपनी होती. कापणीच्या यंत्रात चालवणाऱ्यासमोर जो पडदा असतो, त्यावरची चिन्हं आणि बटणं आखायचं आमचं काम. खिडकीतून बघितलं तर लांबपर्यंत मका आणि सोयाबीन. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा पप्पांना फार बरं वाटलं.

"सोयाबीन हाय ना? मंग काहून एवढी घाबरून राहिली? आपल्या हट्टा गावच्या शिवारात गेल्यावानी समज."

पण त्या शिवारात माणूस दिसत नव्हता. बांधावर कुणी बसलेलं नाही, कुणी 'कुणाची गं तू' विचारत नाही. चौकात चारी बाजूंनी गाड्या येऊन थांबत आणि प्रत्येक जण दुसऱ्याला हात करून 'तू जा' म्हणे. मी तर सगळ्यांना जाऊ द्यायचे. एकदा मागच्या बाईंनी उतरून काचेवर टकटक केली आणि विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना?

खरी तकलीफ वेगळीच होती. तिथे मला कुणी रागवत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, "हे काय केलं, माझी मान कुटं गेली?" मग मान लावून दिली की विषय संपला. इथे आमच्या मॅनेजर बाई माझं काम बघून हसायच्या, 'सुंदर' म्हणायच्या, आणि आठवड्याने ते काम दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. मी कशी करतेय हे मला कधीच कळलं नाही. आणि कळणं तर गरजेचं होतं, कारण माझा व्हिसा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की साधारण दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. सकाळी कॉम्प्युटर उघडताना पासवर्ड चालला की मी चक्क सुस्कारा टाकायचे.

टीममध्ये एक म्हातारबा होते. पांढरी दाढी, आयुष्यभर चिन्हं काढण्यात गेलेलं. त्यांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवली, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, ब्रेकवर पाय मारला की ओरडून. त्या गावात माझ्यावर ओरडणारा हा एकच माणूस होता, म्हणून मला ते आपले वाटायचे. ऑगस्टमध्ये परसातली मक्याची कणसं आणून टेबलावर ठेवायचे आणि आभार मानले की पळून जायचे.

दुसऱ्या वर्षी कापणीच्या आधी कुजबुज सुरू झाली की माणसं कमी करणार आहेत. नेमकं त्याच सुमाराला मॅनेजर बाईंनी सांगितलं, शिकागोच्या कॉन्फरन्समध्ये आपल्या पडद्याबद्दल तू बोल. मला आनंद व्हायला हवा होता. मला झोप येईना. हा मान आहे की निरोप, हेच उमगेना. बोकडालाही आधी हळदकुंकू लावतातच की.

कॉन्फरन्सचं मला तसंही भयच होतं. तिथे लोक आधी गळ्यातल्या बिल्ल्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, आणि बिल्ल्यावरची कंपनी पसंत पडली तरच थांबतात. मी दर वेळी एखादा खांब गाठायचे आणि कॉफीचा कप रिकामा झाला तरी पीत राहायचे. आता तर व्यासपीठावर जायचं होतं. मी भाषण लिहिलं, आणि सोबत पडद्यावर दाखवायच्या शेवटच्या चित्रात, हात सवयीनेच गेला, आमच्या टीमची रांग लावली. सगळ्यांचे चेहरे सारख्या मापाचे, एका ओळीत, अगदी शुभेच्छुक. मॅनेजर बाई हसल्या, 'छान' म्हणाल्या. खोलीवर मी रोज सराव करायचे तो पप्पांच्याच पद्धतीने, बोट पुढे करून, डावीकडून उजवीकडे एकेक नाव. म्हातारबांचं आडनाव नॉर्वेकडचं होतं, जीभ अडखळायची. ते नाव मी पोळ्या लाटतानासुद्धा घोकलं.

भाषणाच्या दिवशी सकाळी हॉटेलात मोबाइल उघडला तर मॅनेजर बाईंचा निरोप. आज टीममधल्या काही जणांची नोकरी संपते आहे. सोबत त्यांची नावं, त्यात म्हातारबांचं. आणि खाली एक ओळ: शेवटचं चित्र त्याप्रमाणे बदलून घ्यावं.

माझं नाव त्यात नव्हतं. पहिल्यांदा मला बरं वाटलं, अगदी स्वच्छ बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. मी घरी फोन लावला. हिंगोलीत संध्याकाळ होती, मागे प्रिंटरची घरघर येत होती.

"पप्पा, एखाद्याला कामावरून काढलं तर रांगेतून फोटो काढायचा का?"

मला वाटलं पप्पा आता चिडतील, कारण चेहरा गाळणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

"तुजं नाव हाय का त्याच्यात?"

"न्हाई."

"मंग काढ. आत्ता काढ. तुजी नोकरी सांभाळ पोरी. तिथं तुजं कोन हाय?"

त्यांचा आवाज कापत होता. दुकानात भांडायला आलेल्या पोरांना एकट्याने बाहेर काढणारा माझा बाप घाबरला होता, आणि तो माझ्यासाठी घाबरलाय हे कळल्यावर मीही जास्तच घाबरले. मी गेलेले चेहरे पुसले. बाकीचे सरकवून रांग सारखी केली. आमच्या दुकानात हे काम डोळे मिटून होतं.

दुपारी उशिरा सभागृहात दिवे मंद झाले. मी बोलायला लागले, आणि थोड्या वेळाने पुढच्या रांगेत कडेला पांढरी दाढी दिसली. म्हातारबा आले होते. सकाळी नोकरी गेली, तरी एवढ्या लांबून गाडी हाकत आले होते, कारण मी त्यांना 'या' म्हटलं होतं आणि त्यांनी 'येतो' म्हटलं होतं. गळ्यात अजून कंपनीचा बिल्ला. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर मॅनेजर बाई बसल्या होत्या.

शेवटचं चित्र पुढे येत होतं आणि ते टाळायला मला काही सुचेना. आलंच. मी बोट पुढे केलं आणि डावीकडून नावं घेऊ लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि जिथे ते असायला हवे होते तिथे जीभ थांबली नाही. म्हातारबांचं नाव आडनावासकट तोंडातून गेलं. पडद्यावर त्या जागी दुसराच माणूस हसत होता. मी धाडस केलं असं कुणाला वाटेल, पण ते खरं नाही. घोकून घोकून नाव जिभेवर बसलं होतं, ते निघून गेलं. मात्र एकदा ते गेल्यावर मी परतही घेतलं नाही. पुसलेली बाकीची नावंही घेतली, त्यांच्या त्यांच्या जागी.

म्हातारबांनी हात अर्धा वर केला, हजेरी देतात तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. मॅनेजर बाई बाहेर भेटल्या. हसल्या. "सुंदर झालं," म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज पासवर्ड टाकताना श्वास धरायचे. कापणी संपली तेव्हा दुसरी यादी निघाली आणि तिच्यात मी होते. त्या नावामुळे की मंदीमुळे, ते कुणी सांगितलं नाही. म्हातारबा बायकोला घेऊन माझ्या खोलीवर आले, हातात भाजलेल्या बटाट्यांचं झाकलेलं ताट. तिकडे कुणाच्या घरी दुःख झालं की शेजारी असं ताट घेऊन येतात, आपल्याकडे कडू घास नेतात तसंच. मी पोटभर जेवले आणि रडले. पुढचे दोन महिने मुलाखती दिल्या, प्रत्येकाने छान छान म्हटलं, आणि मी परत आले.

आता मी पुन्हा पप्पांच्या शेजारच्या स्टुलावर बसते. इथून बाहेरची कामं शोधते आहे, उत्तरांची वाट बघते आहे, आणि मोबाइल वाजला की अजून दचकते. गल्लीत पप्पांनी सगळ्यांना सांगितलं की तिकडं मंदी आली. रांगेतला फोटो काढून पोरीने नोकरी सांभाळली होती, पण मंदीपुढे कुणाचं काय चालतं, असं ते म्हणत. ते ऐकताना मला बसवत नसे.

परवा एक गिऱ्हाईक आलं. रांगेतला एक चेहरा काढायला सांगितला, तो पोरगा म्हणे दुसऱ्या पक्षात गेला. पप्पांनी काढला, बाकीची नावं वाचली, गिऱ्हाइकाने 'व्हय व्हय' केलं आणि ते गेलं. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. फोटो पुसला होता, पण नाव घेतलं, सगळ्यांसमोर, मॅनेजर बाईंसमोर. कदाचित नोकरी त्यानेच गेली.

पप्पा पडद्याकडेच बघत होते. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी काय काय केलं ते सगळं मला त्या वेळी आठवलं, आणि आता ते काय म्हणतील याची मला त्या सभागृहातल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"त्या लोकायची नावं लई अवघड असतेत," ते म्हणाले. "बराबर घेतलंस का?"

"व्हय."

"आडनावासकट?"

"व्हय, पप्पा."

त्यांनी मान हलवली आणि बॅनर प्रिंटला सोडलं.