पुलापलीकडच्या खोल्या

मुरारी शिवलकर बोटीवर होता तोवर सावित्रीचा संसार त्याच्या सुट्टीपुरताच होता. तो यायचा, घराला रंग काढायचा, तिच्या कालवणाला नावं ठेवायचा आणि पुन्हा निघून जायचा. मूलबाळ झालं नाही. रत्नागिरीतल्या घराच्या वरच्या खोल्या ती पर्यटकांना भाड्याने देई आणि खाली सासूचं आजारपण काढी. सासू गेली तेव्हा बोट भर समुद्रात होती. तिने त्याला कळवलं नाही. खलाशांच्या घरात तशी रीतच आहे. कामावरचा माणूस परत येऊ शकत नसेल, तर वाईट बातमी बंदर लागेपर्यंत दाबून ठेवायची.

मुरारी निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि वर्षभरात त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. शहरात डायलिसिस सुरू झालं. त्यातच वरच्या खोल्यांना धंद्याच्या दराने, कितीतरी जास्त घरपट्टी लागू झाली.

पुतण्या संदेश नगरपरिषदेत आणि पुलापलीकडच्या ग्रामपंचायतीत चौकशी करून आला.

“काकी, पुलापलीकडे माहेरच्या बागेत तुझ्या नावावरचं घर आहे ना? तिथे पाहुणे ठेव. ग्रामपंचायत साधी घरपट्टी लावते. अट एकच, मालकाने तिथे राहायचं. येऊन बघतात.”

“एक खाडी ओलांडली तर कायदा बदलतो?” सावित्रीने विचारलं.

“बंदर बदललं की बदलतो गो,” मुरारी म्हणाला. “मी जन्मभर दुसरं काय बघितलं? इतकी वर्षं मी बोटीवर होतो, आता तू जा.”

“आणि तुम्हांला जेवायला कोण घालील?”

“संदेशची बायको. तिचं कालवण तुझ्यापेक्षा बरं असतं.”

“मग बसा तिच्याच हातचं खात!”

तिघंही हसली. डायलिसिससाठी सारखं पुलावरून ये-जा करणं मुरारीला झेपणारं नव्हतं. तो शहरातच राहिला. मे महिन्याचा हंगाम संपेपर्यंतच, असं ठरलं.

सावित्री बागेतल्या घरात राहायला गेली. संध्याकाळी त्याचा फोन येई. पाहुणे किती आले, आंबा उतरवला का, एवढंच तो विचारी. स्वतःबद्दल एकच शब्द. “बरा.”

मे महिन्यात साऱ्या खोल्या भरल्या. एका सकाळी मुरारीला धाप लागली. संदेशने फोन हातात घेतला, तसं मुरारीने त्याचं मनगट धरलं.

“तिला नको सांगू. कामावर आहे ती. पाहुणे जाऊ देत.”

संदेशने ऐकलं. त्याने काकाला दवाखान्यात नेलं.

दुपारी सावित्री पुण्याच्या पाहुण्यांसाठी सुरमई तळत होती. संदेश चपला न काढता आत आला. तिने गॅस बंद केला.

“कधी?”

“मघाशी.”

“आणि बिघडलं कधीपासून होतं?”

त्याने सगळं सांगितलं. काका काय म्हणाला तेही.

“अरे, मी बोटीवर नव्हते रे,” ती म्हणाली. “मधे नुसता पूल होता.”

पाहुणे पानांवर येऊन बसले होते. काय करावं ते त्यांना कळेना. त्यांतल्या एका बाईने उठून सावित्रीच्या हातातला झारा काढून घेतला.

दिवसकार्य झालं. सावित्री बागेतल्या घराला कुलूप लावून शहरात आली. वरच्या खोल्या झाडून तिने पुन्हा उघडल्या.

“काकी, इथे पट्टी जास्त बसेल,” संदेश हळूच म्हणाला. “आता तिकडे राहायला अडचण काय आहे?”

“अडचण काहीच नाही,” ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

नगरपरिषदेच्या खिडकीवर तिने खोल्या चालू केल्याचं सांगितलं. कारकुनाने वाढीव पट्टीचा आकडा सांगितला. तो तिने आधीही ऐकला होता. तेव्हा घरात तिघं त्यावर डोकं धरून बसली होती आणि तेवढ्यासाठीच ती पुलापलीकडे गेली होती.

“एवढीच?” तिने विचारलं.

कारकुनाला वाटलं, बाई टोमणा मारतायत. तो हसला.