उमेदवारांनी हजर राहावे

नांदेडच्या आमच्या घरी हल्ली पोरंपोरी बायोडाटा घेऊन येतात. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहे, आणि ज्याने नोकरी केली त्याला ती मिळवून देण्याची विद्याही येते असा गल्लीचा समज आहे. परवा समोरच्या घरातली मुलगी आली. दोन पानी रंगीत कागद, कोपऱ्यात फोटो, आणि सगळ्यात वर इंग्रजीत लिहिलेलं की मी कष्टाळू, प्रामाणिक आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी आहे. मी म्हटलं, "बाई, मी आळशी आणि भांडखोर आहे असं आजवर कुणी लिहिलंय का? हे काढून टाक. तुला काय काय येतं ते लिही." तिने तोंड वाकडं केलं, पण काढलं. मग मी तिचा पत्ता तपासला. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. "काकू, पत्ता काय बघता? आता सगळं मेलवर येतं," ती म्हणाली. तरी मी बघितला. पत्ता बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि त्याचं कारण माझ्या मामांपर्यंत जातं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. तोवर आम्ही निलंग्याची माणसं उस्मानाबाद जिल्ह्यातली. मी बी.कॉम. झाले होते, मराठी टायपिंगची परीक्षा पास होते, आणि वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधत होते. पाऊस दगा देत होता. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून ढगांवर बोलायचं आणि रिकाम्या पिशवीने उठून जायचं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नव्या जागा, म्हणून वडिलांनी मला लातूरला मामांकडे पाठवलं. पण अट घातली, "श्रावण लागस्तोवर बघ. न्हाई जमलं तर गुमान परत ये." एकदा परत गेले की मला पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. माझं जमलं नसतं तर पोरींच्या शिक्षणाचा उपयोग काय, हा घरातला वाद कायमचा मिटला असता, आणि त्या दोघींचं कॉलेज सुरू होण्याआधीच संपलं असतं. हे मला स्वच्छ कळत होतं, आणि त्यामुळे त्या दिवसांत मी सगळ्यांवर डाफरत असे.

मामा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. पहाटे पूजा, कपाळाला विभूती, पांढरंशुभ्र धोतर, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला आपल्याशीच बोलतायत असं वाटावं. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झालेली. मराठी ते ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. तरुणपणी ते उदगीरच्या कचेरीत होते, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथं ते कोण होते, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

अर्ज लिहायला बसले तेव्हा सल्ला द्यायला निम्मी गल्ली जमली. एक म्हणे, घरची गरिबी लिही. दुसरा म्हणे, गरिबी सगळेच लिहितात, तू दुष्काळ लिही. मामी म्हणाली, फोटोत डोक्यावर पदर असू दे. एका शिकलेल्या शेजाऱ्याने तर मला असा मसुदा दिला की त्यात "कृपावंत" हा शब्द ओळीओळीला होता. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझं मला हवं तसं लिहिलं. नाव, शिक्षण, टायपिंगचा वेग. अनुभवाच्या रकान्यापाशी अडले, तिथं रेघ मारली. कायमचा पत्ता शाळेच्या दाखल्यावरून जसाच्या तसा उतरवला आणि नव्या जिल्हा कचेरीत अर्ज देऊन आले.

मग एक दिवस मामा गंजातून धापा टाकत घरी आले. कचेरीच्या फळ्यावर यादी लागली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. फळ्यावरचा मजकूर त्यांनी पाठ करून आणला होता, "खालील उमेदवारांनी सकाळी दहा वाजता हजर राहावे." एवढं म्हणून ते मामीकडे वळले आणि म्हणाले, "उद्यापून हिचा डबा. उमेदवारी लागली पोरीला."

"मामा, मुलाखत आहे ती. दहा मिनिटांची," मी म्हटलं.

"मुलाखत झाल्यावर बसायचं. उमेदवार म्हंजे काय म्हाईत हाय का तुला? साहेबाच्या दाराशी बसायचं. दौत भरायची, नकला करायच्या, लोकांच्या दरखास्ती लिहायच्या. जागा खाली झाली की जो बसलेला आसंल त्याची."

"आणि पगार?"

"उमेदवाराला पगार कसला?"

"मामा, ते निजामाच्या काळचं. आता उमेदवार म्हणजे नुसता अर्ज केलेला माणूस."

"आर्ज केलेल्याला आर्जदार म्हन्त्यात," मामा शांतपणे म्हणाले. "मंग ह्यांनी उमेदवार कशाला लिव्हलं आसतं?"



दुसऱ्या दिवशी मी मुलाखतीच्या खोलीत शिरले ती हातात डबा, पिशवीत शाईची दौत, टीपकागद आणि बसायला घडी घातलेलं पोतं घेऊन. साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं, "मुक्कामाला आलात का?" खोलीतले सगळे हसले. अनुभव काय, म्हणून विचारलं. दुकानात पुड्या बांधल्या, असं मी रागाच्या भरात खरं ते सांगून टाकलं. ते पुन्हा हसले. टायपिंगला बसवलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, पहिलं. मी त्या रात्री जेवले नाही. मामांना मात्र यात वाईट काय ते कळेना. "पैला लंबर हाय. आता बसायचं." पुढच्या सकाळी गंजात जाताना त्यांनी मला कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर नेऊन बसवलं आणि बजावलं, "जा म्हन्ले तरी उठायचं न्हाई." मामांच्या घरचं खात होते, त्यांचं न ऐकून कुठे जाणार होते? पोतं अंथरून बसले. येणारा जाणारा बघत होता. धरणी दुभंगावी असं वाटण्याचे ते दिवस होते.

हेडक्लार्क उमरीकडचे, वयस्क गृहस्थ. ते बाहेर येऊन म्हणाले, "ताई, इथं बसून काही होत नसतं. पत्र पोस्टाने येईल, घरी जा." मी खाली मान घालून म्हटलं, "मामा म्हणतात, उमेदवार आहे, बसावं लागतं."  ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "हा शब्द या अर्थाने मी माझ्या वडिलांनंतर आजच ऐकला. बसा मग." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. आत जाता जाता विचारायचे, "काय उमेदवार, आज डब्यात काय?" भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरं काय असणार होतं!

रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. कचेरीत येणाऱ्या माणसांना नवा जिल्हा अजून उमगला नव्हता. कुठला अर्ज कुठं द्यायचा, कुणाच्या नावे लिहायचा, काही पत्ता नाही. दौत आणि कागद माझ्याकडे होतेच. एकाला लिहून दिला, मग दुसरा आला. टँकरसाठी, रेशनसाठी, पेन्शनसाठी, आणि बरेचसे नोकरीसाठी. माझ्याच वयाची पोरं यायची. गरिबी लिहू का, म्हणून विचारायची. मी म्हणायचे, "काय येतं ते सांग." मोटार दुरुस्त करता येते, कानडी बोलता येतं, दुष्काळी कामावर हजेरी लिहिली. हे सगळं त्यांच्या अर्जात मी घातलं. त्यांनी आपणहून घातलं नसतं, त्यांना वाटायचं हे काय सांगण्यासारखं आहे. आणि प्रत्येकाच्या पत्त्यातलं "जि. उस्मानाबाद" खोडून मी "जि. लातूर" करायचे. सगळ्यांचीच ती चूक असायची. हात सवयीने चालायचा.

पाऊस येत नव्हता. निवडलेल्यांपैकी एक जण कोल्हापूरकडचा होता. तो आला, खोली घेतली, घागरी घेऊन टँकरमागे धावणारं गाव पाहिलं आणि आठवड्याच्या आत सामान बांधून निघून गेला. हे मला शिपायाने सांगितलं.  आता माझं पत्र निघणार. मी रोज निलंग्याहून निरोप यायची वाट बघू लागले. निरोप येईना. आषाढ सरत आला. वडिलांचा मात्र सांगावा आला, अमावस्येनंतर एसटीत बसवून द्या.

त्यानंतर एका सकाळी देवणीकडचे एक पेन्शनर आजोबा माझ्याकडे अर्ज तपासून घ्यायला आले. मी नेहमीसारखं उस्मानाबाद खोडलं आणि गमतीने म्हटलं, "आजोबा, जिल्हा बदलला. तुमचा मुक्काम अजून तिकडंच."

"सवय हाय माय," ते म्हणाले. "जलम गेला लिव्हून लिव्हून."

माझा टाक हातातच राहिला. शाळेच्या दाखल्यावरून जसाच्या तसा उतरवलेला पत्ता मला दिसला. मुक्काम पोस्ट निलंगा, जि. उस्मानाबाद. पिनकोड लिहायची तेव्हा कुणाला सवय? महिनाभर गावाच्या चुका सुधारत बसलेली मी, माझी तेवढी फाईलमध्ये तशीच पडलेली.

मी उठून सरळ आत गेले आणि हेडक्लार्कना सांगितलं. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. नेमणुकीचे आदेश त्यांच्याकडून निघत नसत. ते काम गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या इमारतीतल्या कचेरीत चाले. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि म्हणाले, "चला." उन्हात आम्ही दोघं चालत तिथं गेलो.  तिथल्या कारकुनाने जावक वही काढली. माझा आदेश केव्हाच गेलेला होता. उस्मानाबाद जिल्ह्याच्या पत्त्यावर तो कुठं फिरत होता देव जाणे. आणि हजर व्हायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. कारकून म्हणाला, "बरं झालं आलात. परवा पुढच्या नावाला पत्र जाणार होतं."

"आलात काय?" हेडक्लार्क म्हणाले. "ती गेलीच नव्हती. उमेदवार आहे ती."

कारकुनाने आदेशाची प्रत माझ्या हातात दिली आणि हजर झाल्याचा कागद लिहून घेतला.  बाहेर येऊन मी भिंतीकडे तोंड करून रडले. हेडक्लार्क छत्री उघडून पलीकडे बघत उभे राहिले.

संध्याकाळी मामा न्यायला आले तेव्हा मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोट ठेवून, ओठ हलवत, शिक्क्यासकट सगळी वाचली. मग घडी घालून परत दिली आणि चालू लागले. नाचतील असं मला वाटलं होतं. मी विचारलं, "मामा, तुम्हाला इतकी खात्री कशी होती? उदगीरला तुम्ही होता तरी कोण?"

"उमेदवार," मामा म्हणाले.

"आधी. पण मग?"

"मंग काय न्हाई. लई वर्सं बसलो. स्टुलावर. जागा खाली झाली त्या दिशी मी नव्हतो. परत आलो तर स्टुलावरचा दुसरा मानूस आत, खुर्चीवर. पुढं सगळं मराठीत झालं, मंग आपल्याला कोन इच्यारतंय?"

मला त्या कोण्या माणसाचा, त्या कचेरीचा आणि मामांचाही असा संताप आला की मी रस्त्यातच थांबले. "इतकी वर्षं बसलात, आणि नेमके त्याच दिवशी गेला होतात कुठं?"

"निलंग्याला," मामा म्हणाले. "तुज्या आईचं लगीन हुतं."

आम्ही पुन्हा चालू लागलो. तेच म्हणाले, "जायाला पायजेच हुतं. भैन येकच." त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. आईला हे ठाऊक नव्हतं, आणि मामा असेपर्यंत मीही तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला नेहमीप्रमाणे कचेरीपर्यंत सोडलं. डबा माझ्या हातात दिला. पोतं मागितलं. मी दिलं. ते त्यांनी झटकलं, नीट घडी घालून काखेत धरलं आणि म्हणाले, "आता हे घरी नेतो. आत खुर्ची हाय." मी आत जाईपर्यंत ते व्हरांड्यात उभे होते. मग वळले आणि गंजाकडे चालू लागले.