ओठावरचे दोन खळगे

मध्यंतरी आम्ही कुरुंद्याहून नांदेडला गेलो होतो... मी, मुलगा, सून वैशाली, तिच्या मांडीवर तान्ही नात आणि न बोलावता गाडीत बसलेली माझी थोरली बहीण, अक्का.

नातीचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे. तो शिवता येतो हे कळलं होतं. पण झालं कशामुळं, हे मला जाणत्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं. कारण गावात निकाल कधीच लागला होता... वैशालीनं ग्रहणात विळी धरली म्हणे!

नाही धरली, असं सांगून पोर थकली. हळद शिजवायला आलेल्या बायाही कुजबुजायच्या. दुसऱ्या लेकराचा विषय निघाला की ती उठूनच जायची.

मी शाळा फार शिकलो नाही, पण मोबाईलवर वाचून एवढं उमगलं होतं की यामागं कधी कधी रक्तातून आलेला दोष असतो. म्हटलं, छडा लावल्याशिवाय आता बसायचं नाही.

आमच्या घराण्याची एक खूण आहे. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे... माझ्या, अक्काच्या, मुलाच्याही. आई म्हणायची, देवानं नखं टेकवलीत. नातीलाही ते आहेत. जन्मली तेव्हा अक्कानंच आधी पाहिलं, "खळगे बघा, लेकरू आमचंच हाय." म्हणजे खळगे आमचे आणि फाटका ओठ तेवढा सुनेचा... अशी वाटणी.

दवाखान्यात अक्कानं बसल्या बसल्या ग्रहणाचं पुराण लावलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आजी, जरा उजेडाकडं तोंड करा बरं." बॅटरी लावून तिचा ओठ पाहिला... मग माझा, मग मुलाचा.

त्यांनी समजावलं ते असं. हे खळगे आणि दुभंगलेला ओठ बहुधा एकाच जीनमुळं. त्या जीनपायी कुणाला नुसते खळगे येतात, कुणाचा ओठ दुभंगतो. ग्रहणाचा काही संबंध नाही, कुणाचा दोषही नाही. खात्रीसाठी रक्त घेतलं.

येताना घर येईपर्यंत अक्कानं लेकरू मांडीवरून खाली ठेवलं नाही.

काल रिपोर्ट आला. तेच निघालं. जीन मुलाकडून, म्हणजे आमच्याकडून आलेला.

संध्याकाळी शेजारीण आली आणि सवयीनं म्हणाली, "गिऱ्हाणात सांभाळायला पायजे होतं पोरीनं..." अक्कानं आपला खालचा ओठ बोटानं पुढं ओढून दाखवला. "हे बघ. हितून आलंय ते. तिला काहून बोलून राहिली?"

आत वैशालीच्या भाकरीची थाप थांबली. जरा वेळानं पुन्हा सुरू झाली... जोरात.

पुढच्या लेकरालाही हे यायची निम्मी शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणाल्यात. असू दे. पुढं काय करायचं ते नवरा-बायको विचार करून ठरवतील, भिऊन नाही. आधी नातीचा ओठ शिवून घ्यायचा.

देवाच्या नखाची खूण पिढ्यान् पिढ्या मिरवली ना आम्ही... मग त्या खुणेबरोबर आलेलंही आमचंच.