उरलेली अर्धी प्रार्थना

फिलोमिना फर्नांडिसला समुद्राकाठचा सगळा वाडा फिलूमाय म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिच्याच शब्दांत सांगायचं, तर तेव्हापासून ती कैदेत आहे. सून लुर्देस पर्यटकांच्या हॉटेलात स्वयंपाकाला जाते. म्हातारी एकदा काठी टेकत विहिरीपर्यंत गेली आणि पुन्हा पडली, म्हणून लुर्देस जाताना बाहेरून कुलूप घालते. चावी नातीच्या, रियाच्या गळ्यात. ती शाळेतून येईपर्यंत फिलूमाय आणि खिडकी.

खिडकीतून दिसतो तो मासेमारीची जाळी ठेवायचा मांगर, एक साधं खोपट. त्यात चार वर्षांपासून झारखंडचा एक खलाशी राहतो, बायको फुलमनी आणि लहान पोराला घेऊन. फुलमनी काळीसावळी, कपाळावर गोंदणाच्या तीन रेघा. फिलूमायने पाहताक्षणी निकाल देऊन टाकला होता, "असली माणसां आमच्यातली न्हय." रियाने तिथे खेळायला जाऊ नये म्हणून ती रोज घसा फोडायची. पण कुलपाआडून ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं!

त्या दिवशी सायबीण तिच्या घरी येणार होती. मारिया मातेची ही मूर्ती वाड्यात घरोघर एकेक रात्र मुक्कामाला असते आणि संध्याकाळी तिच्यापुढे रोझरी होते. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. मुलगा दूर आखातात बोटीवर. त्याच्यासाठी ही रोझरी पुरी व्हायलाच हवी, असा फिलूमायचा नेम. यंदा नेमका वाडा सावंतवाडीला लग्नाला निघालेला. लोकांनी मूर्ती टेबलावर ठेवली, मेणबत्त्या लावल्या आणि टेम्पो गाठला. लुर्देसला हॉटेलातून सुटका नाही.

फिलूमायने तरी सुरुवात केली. म्हणायची आणि थांबायची. रियाला पुढचं धड येईना. मुलाचं काही बरंवाईट झालं तर, या धास्तीने म्हातारी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागली.

"थांब गो माय," म्हणत रिया बाहेर पळाली आणि फुलमनीचा हात धरूनच परत आली.

चटकन उठता आलं असतं तर फिलूमायने दार लावून घेतलं असतं. "हिका कित्याक हाडलंस? ही किरिस्तांव तरी आसा काय?"

"आसा तर! रोज सांजेक रोझरी म्हणता. हिंदीत."

"आणि ता कपाळार?"

"ता तिच्या आजयेन काढल्यान, ती बारकी आसताना. दुखला काय म्हणान मी इचारलंय, तर 'खूप रडलंय' म्हणाली." रिया वैतागलीच. "तू कदी इचारलंसच नाय!"

फुलमनी चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी होती. बोलणं सगळं कळलं नसेल, पण त्यातला राग तिला कळला होता.

फिलूमायने नाइलाजाने पुन्हा अर्धं म्हटलं. उरलेलं अर्धं उंबऱ्यावरून आलं, हिंदीत, सावकाश. त्यातलं 'हम पापियों के लिए' एवढं तिला समजलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"भितर ये गो," ती शेजारची जागा दाखवत म्हणाली. "माज्या वांगडा बस."

रोझरी पुरी झाली. जाताना फुलमनीने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "माय, उद्या सायबीण आमच्याकडे येणार? तुम्ही पण येणार?"

मांगर हाकेच्या अंतरावर. पाय धड होते तेव्हा फिलूमाय त्याच्या दारावरून दर रविवारी चर्चला जायची. एकदाही थांबली नव्हती.

"सायबीण येतली," ती म्हणाली. आता तिला स्वतःलाही जावंसं वाटत होतं, तर पाय साथ देत नव्हते. ती रडायला लागली. हाड मोडलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.