आपल्या गाडीत हात

वणा नदीचा पूल मागे पडला तरी वासुदेवराव कुठे टेकले नाहीत. डाव्या हातात काठी, उजव्या हातात तेलाची बाटली, आणि चाल अशी की कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा आता वाजतोच की काय! त्यांची लेक माधवी मागे होती. पन्नाशी उलटली तरी बापाच्या पावलाशी पाऊल जुळवायला तिला अजून मधून मधून पळावं लागे.

दर शनिवारी बापलेक हिंगणघाटच्या घरून निघत आणि दोन कोसांवरच्या आपल्या जुन्या गावच्या मारुतीला तेल घालून परत येत. वासुदेवरावांनी हाच रस्ता एकतीस वर्षं तुडवला होता, उलटीकडून. गावाहून जिनिंगात, जिनिंगातून गावात. तेव्हा तो धुळीचा होता.

"बाबा, चार दिवस झाले," माधवी म्हणाली. "पोरीचे कागद उशाखाली घेऊन झोपून राह्यले तुम्ही. काही सांगान का नाई तिले?"

"कोणते कागद?"

"आता वेड पांघरून पेडगावले नका जाऊ."

कागद आकांक्षाचे होते, माधवीच्या मुलीचे. हिंगणघाटच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या या मुलीने दोनदा कॅटची परीक्षा दिली. दुसऱ्या खेपेला शहाण्णव पर्सेंटाइल आले आणि एका मोठ्या बिझनेस स्कूलचा कॉल आला. एकच. इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी नागपूरला. तेव्हापासून ती मोबाइलवर आपले गुण घालून घालून बघत होती. निवड होण्याची शक्यता एक साइट म्हणे शंभरातून सत्तर, दुसरी म्हणे तीस. घरात मात्र एकच आकडा होता. तिचे वडील धनंजय म्हणत, "होईलच." शेजारच्या शकुंतलाबाई म्हणत, "होईलच वं माय." आणि माधवी देवापुढे निरांजन लावून म्हणे, "होईलच."

शेवटी मुलीने सगळे कागद आजोबांच्या मांडीवर ठेवले. इंग्रजी फॉर्म मराठीत वाचून दाखवला आणि म्हणाली, "आबाजी, तुम्ही खरं सांगा. माझी प्रत कोणती?"

कारण वासुदेवराव ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आवारात आली की कापूस कोणत्या प्रतीचा ते ठरवणारा माणूस. सातवी शिकलेले, पण त्यांच्या शब्दावर शंभर गाड्या रिकाम्या होत. माधवी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा फाटकाशी उभी राहून बघायची. गाडीवरचा पांढराशुभ्र कापूस ते बघतसुद्धा नसत. बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालायचा, पोटातला पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढायचा, धागा नखावर ठेवायचा. मग पुंजक्यातली एक सरकी दाताखाली. कट्ट वाजली तर कापूस वाळलेला, नुसती दबली तर ओला. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असे. माधवी मांडीवर चढून तो वेचायची, अन् ते डोळे मिटून बसायचे. त्यांच्या अंगच्या वासासारखा वास तिला पुन्हा कुठं आला नाही. सरकीच्या तेलाचा, घामाचा, थोडा उन्हाचा.

आता भुवयाच पांढऱ्या झाल्या होत्या.

"सांगू काय तिले?" वासुदेवराव एकदम म्हणाले. "आपल्या गाडीत आपण हात घालत नाई. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. जिनिंगात तो रिवाजच होता. सोयऱ्याधायऱ्याची गाडी आली की ग्रेडरने बाजूला व्हायचं, दुसऱ्याला हाक मारायची. माधवी सातवीत असताना काकांची, कवडूकाकांची गाडी आली. बाबा चार पावलं मागे सरून पाठ फिरवून उभे राहिले. दुसऱ्या ग्रेडरने हात घातला. खालचा कापूस दवाने ओला निघाला. गाडी दुसऱ्या प्रतीत गेली. काका भर आवारात ओरडले, "सख्खा भाऊ असून तोंड फिरवते!" त्यानंतर अकरा वर्षं संक्रांतीचा तीळगूळसुद्धा या घरातून त्या घरात गेला नाही.

"काकाजीचं काही चुकलं नाई, अन् तुमचंही नाई," माधवी म्हणाली. हे ती लहानपणापासून म्हणत आली होती.

वासुदेवराव थांबले. बाभळीखालच्या मैलाच्या दगडावर टेकले. आधी इथं कडुनिंब होता, रस्ता रुंद करताना गेला. तेलाची बाटली त्यांनी दोन पायांच्या मधे नीट उभी केली.

"फॉर्मात लिहिलं आहे, दोन महिने जिनिंगात राहून कापसाच्या खरेदीचा अभ्यास केला. कोणी केला?"

माधवी पदराने तोंड पुसू लागली.

"चार दिवस. मीच नेलतं तिले. पाचव्या दिवशी शिंका सुरू झाल्या तं घरी बसली पोट्टी."

"लिहितात बाबा सगळेच. दोन-चार गोष्टी वाढवून..."

"तिनं नाई वाढवली. वाचताना त्या ओळीवर अडखळली ते. तिले लबाडी येत नाई. तू सांगितली."

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"सरकी चावून पाह्यली."

माधवीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. खरंच तिनेच म्हटलं होतं, 'टाक लिहून, तिथं कोण मोजायले येते.' तेव्हा आकांक्षाने मान खाली घातली होती. नंतर ती सत्तर आणि तीस करत का बसली होती, ते आत्ता या दगडापाशी माधवीला कळलं. मुलीला खालचा ओलावा ठाऊक होता. घरात कोणी तिथवर हात घालत नव्हतं.

"मग आता? फॉर्म तं गेला."

"गाडी अजून आवारात नाई गेली. गुरुवारी जाते. ते विचारतीनच, दोन महिन्यांत काय पाह्यलं? तवा तिनं सरळ सांगावं. दोन महिने नाई, चार दिवस होती, वाढवून लिहिलं, चुकलं. अन् त्या चार दिवसांत जे पाह्यलं ते सांगावं. चार दिवसाचं पोट्टीले लय आहे सांगायले. कोणत्या गाडीवाल्याशी भांडलो मी, काऊन भांडलो, सगळं विचारून घेतलं तिनं."

"मग घेतीन तिले?"

"ते मले काय ठाऊक? घेतीन, नाई घेतीन. मारुतीले विचार. प्रत लावणं माह्यं काम नाई, अन् तुह्यंही नाई."

समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला. ताडपत्री नीट बांधली नव्हती, पुंजके उडत होते. एक वासुदेवरावांच्या धोतरावर येऊन बसला. त्यांनी तो उचलला, सवयीने अंगठ्यांत धरला, पण ओढला नाही. थोडा वेळ नुसताच धरून ठेवला.

"तू म्हणतेस कवडूच्या वेळी माह्यं चुकलं नाई. आवारात नाई चुकलं. पण त्या दिवशी पहाटे मी निघालो तवा तो अंगणात गाडी जुंपून राह्यला होता. म्हणे, दादा, कसा आहे माल? पहिल्या प्रतीत होईल ना? मी जवळ गेलो. वरूनच हात ठेवला अन् थंड लागला मले, माधे. दोन दिवस वाळव म्हणायले पाह्यजे होतं. अंगणात मी ग्रेडर नव्हतो, भाऊ होतो. पण त्याचं तोंड एवढं खुशीत होतं..."

त्यांनी पुंजका वाऱ्यावर सोडून दिला.

"घरी गेल्यावर पोरीजवळ बस. ते ओळ म्या लिहायले लावली, असं आपल्या तोंडानं सांग तिले. अन् गुरुवारपर्यंत माह्यासाठी एवढं कर, तिले 'होईलच' म्हणू नोको. कवडूले म्या तेवढंच म्हटलं होतं."